पाण्याखालची पाटी

पहिल्या बुडीत मला पोवळं दिसलंच नाही. दिसला तो गाळ, आणि तोही माझ्याच पायांनी उडवलेला.

नोव्हेंबर २०२३. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाचेक मीटर पाण्यात मी वाळूवर गुडघे टेकून बसले होते. डाव्या मनगटाला पांढऱ्या प्लास्टिकची पाटी दोरीनं बांधलेली, तिला एक शिसपेन्सिल लटकलेली. पाण्याखाली शाई चालत नाही, शिसपेन्सिल मात्र मजेत चालते. संध्याकाळी वहीत उतरवून घेतलं की पाटी घासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी. इयत्ता पहिलीनंतर थेट एमएस्सी झाल्यावर माझ्या हातात पाटी-पेन्सिल आली होती, आणि पहिल्या दिवशी तिच्यावर मी फक्त तारीख लिहून आणली.

वर होडीत आमचे होडीवाले काका बसले होते. मला वर ओढून घेता घेता म्हणाले, "गो बाय, काय गावला?"

"गाळ," मी म्हटलं.

"तो वरसून पण दिसता."

मी मिरजेकडची. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची सहल, गुडघाभर पाणी आणि भेळ. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकताना पोवळ्यांवर एक धडा होता, परीक्षेला आठ मार्कांचा. मग एका प्रकल्पात सहायक म्हणून निवड झाली आणि मी दोन हंगामांसाठी मालवणात आले. डोक्यात टीव्हीवरचा समुद्र होता: निळंशार पाणी, फांद्या फुटलेली रंगीत पोवळी, मधून फिरणारे नारिंगी मासे. मालवणचं पाणी हिरवट. काही दिवस ताकासारखं, काही दिवस पातळ वरणासारखं. हाताच्या अंतरावरची पाटी दिसायची, त्यापुढचा जोडीदार दिसेलच असं नाही.

भारतातले मोठे प्रवाळ प्रदेश चार: कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. या यादीत मालवण नाही. इथं सलग भिंत अशी नाहीच. किल्ल्याच्या आणि आसपासच्या बेटांच्या खडकांवर पोवळ्यांच्या वसाहती ठिगळांसारख्या चिकटलेल्या आहेत. १९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी आणि माती अंगावर घ्यायची, उन्हाळ्यात तापायचं, हिवाळ्यात पर्यटकांच्या होड्यांचे नांगर झेलायचे आणि तरी जगायचं, असा इथल्या पोवळ्यांचा संसार. म्हणून तर ती अभ्यासायची. आमचं काम ऐकायला सोपं होतं. ठरलेल्या जागी बुडायचं, किती खडकावर जिवंत पोवळं आहे ते मोजायचं, त्याची तब्येत लिहायची आणि तीच जागा पुन्हा पुन्हा मोजायची.

ऐकायला.

*

बुडण्याआधी कागद. दगडी सांगाडा बांधणारी सगळी पोवळी २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच अनुसूचीत हा खडकाला चिकटलेला जीव. परवानगीशिवाय तुकडा काढणं सोडाच, किनाऱ्यावर वाहून आलेला उचलून खिशात टाकणंही चालत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी दुसऱ्याच आठवड्यात ओहोटीच्या वेळी वाळूत एक मधमाशीच्या पोळ्यासारखा पांढरा तुकडा सापडला आणि मी तो सहज पिशवीत टाकला. मॅडमनी, म्हणजे आमच्या मार्गदर्शकांनी, खोलीवर तो टेबलावर पाहिला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठून उचललास? चल, तिथं ठेवून येऊ." संध्याकाळी टॉर्च घेऊन आम्ही दोघी एक दगड परत ठेवायला किनाऱ्यावर गेलो. तेव्हा मला ते जरा अतिच वाटलं होतं.

त्याच सुमाराला आजीचा फोन. "पोवळ्यांवर काम करतेस ना, मग तुझ्या बापासाठी एक आण की चांगलंसं. त्याचा मंगळ कडक आहे." तिला समजावताना मलाच एक गोष्ट नीट समजली. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते वेगळ्या कुळातलं आहे, प्रत्येक जिवाला आठ शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक हात, असणाऱ्या पोवळ्यांचं, आणि खोल, अंधाऱ्या पाण्यात कपारींत वाढतं. त्याचा सांगाडाच लाल. आमच्या दगडी पोवळ्यांचा सांगाडा मात्र चुन्याचा, पांढराफेक. त्यांना रंग येतो तो वरच्या पातळ मांसामुळे आणि त्या मांसात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे. हे शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि बहुतेक सगळं घरमालकाला देतं. काही पोवळ्यांची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज या भाडेकरूवर भागते. पाणी फार तापलं की हे नातं बिघडतं, शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून खालचा चुना दिसू लागतो. यालाच पोवळं पांढरं पडणं म्हणतात. पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेवर निवलं तर शैवाल परत वस्तीला येतं.

"म्हणजे तिथं लाल मिळत नाही," आजीनं निष्कर्ष काढला.

*

स्कूबाचं शिक्षण मी आधीच घेतलं होतं, प्रमाणपत्रही होतं. त्याचा अर्थ एवढाच की पाण्याखाली मी मरणार नाही. काम करता येणं ही वेगळी गोष्ट.

पहिले काही मीटर कानांना सगळ्यात जड जातात. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, पण दुखतं ते पहिल्या दोन-तीन मीटरांत. नाक दाबून हवा कानात ढकलायची, ती गेली नाही तर थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी. मी एकदा सर्दी लपवून उतरले होते, पुढचे चार दिवस डाव्या कानात शंख ठेवल्यासारखा आवाज येत होता. कान जमले की तरंगणं. वाळूला, खडकाला, पोवळ्याला कुठंही न टेकता, तळापासून हातभर वर, पालथं आडवं थांबायचं. श्वास घेतला की अंग किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. या श्वासावर उंची धरायला मला तीन आठवडे लागले. पाय वरखाली मारले की गाळ उसळतो, म्हणून बेडकासारखे बाजूला मारायचे.

माझा जोडीदार तुतीकोरिनचा. मन्नारच्या आखातात लहानपणापासून पाण्यात असलेला. तो खडकांवरून असा सरकायचा की खालचं शेवाळही हलायचं नाही. त्याची हिंदी आणि माझी हिंदी मिळून एक तिसरीच भाषा झाली होती. पाण्याखाली मात्र आमचं छान जमायचं, कारण तिथं बोलताच येत नाही.

आता मोजणीबद्दल. वीस मीटरची टेप खडकावरून, एकाच खोलीवर, ताणून लावायची. एक धरून ठेवतो, दुसरा टेपच्या वरून सरकत वाचत जातो. टेपखाली जे बदलेल ते सेंटिमीटरमध्ये लिहायचं. शून्य ते चौतीस खडक. चौतीस ते एक्कावन्न शेवाळ. एक्कावन्न ते अठ्ठ्याहत्तर पोरायटीस, हे पोवळं. अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याऐंशी, काय आहे हे? मेलेलं पोवळं की गाळ बसलेला खडक? बोटानं गाळ बाजूला करायचा नाही, हातानं हलकेच पाणी मारून तो उडवायचा, तो खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग पाहायचं. तेवढ्यात लाटेची ओढ येते आणि अख्खी टेप अर्धा हात डावीकडे सरकते. परत येते तेव्हा नेमकी आधीच्या जागी येईलच असं नाही. एका जागी अशा तीन टेपा. एका सिलिंडरमध्ये एक टेप नीट झाली तर मी खूश असायचे.

जानेवारीत सरगॅसमचं रान माजलेलं असतं. हे तपकिरी शेवाळ, छोट्या फुग्यांवर उभं राहणारं, कमरेएवढ्या उंचीचं. त्यात टेप लावणं म्हणजे उसाच्या फडात दोरी ताणणं. मिरजेकडच्या माणसाला ही उपमा पाण्याखालीही सुचते.

ओळखणं हा सगळ्यात चिवट भाग. पोवळ्याची वसाहत म्हणजे शेकडो-हजारो छोट्या जिवांची चाळ, आणि ओळख पटते ती चाळीतल्या खोल्यांच्या भिंतींवरून. फॅव्हायटीसमध्ये शेजाऱ्यांची भिंत सामाईक, मधाच्या पोळ्यासारखी. गोनिअॅस्ट्रिया तसंच, पण खोल्या लहान आणि जास्त नेटक्या. पोरायटीसच्या खोल्या एक-दीड मिलिमीटरच्या, त्यामुळे लांबून नुसता गुळगुळीत धोंडा वाटतो. टर्बिनारिया सुपासारखं किंवा ताटासारखं पसरतं. गोनिओपोराचे जीव दिवसाही बाहेर निघून फुलांसारखे डोलतात, एकेकाला चोवीस शुंडकं. हे एकच मला पहिल्या भेटीत ओळखता आलं, कारण ते धड्यातल्या चित्रासारखं दिसत होतं.

वर नावंही बदलत राहतात. कॉलेजात मी फेविया घोकलं होतं. इकडच्या समुद्रातल्या फेवियांना आता डिप्सॅस्ट्रिया म्हणतात, कारण डीएनए पाहिल्यावर कळलं की अटलांटिकमधल्या सारख्या दिसणाऱ्या पोवळ्यांशी यांचं जवळचं नातं नाही. दिसायला सारखी म्हणून शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं एका कुटुंबात टाकलेली. हे वाचून मला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. चुकणारी मी एकटी नव्हते.

शंका असेल तिथं पाटीवर 'ओनि' लिहायचं, ओळख निश्चित नाही. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. एका दिवशी माझ्या पाटीवर एकही 'ओनि' नव्हतं तेव्हा मॅडमनी ती पाटी बाजूला काढून ठेवली आणि त्या दिवसाचे सगळे फोटो स्वतः तपासले. आठातली तीन नावं चुकीची निघाली.

*

मार्च संपता संपता पाणी निवळलं आणि तापलंही. त्या दिवसांत जगभरातून बातम्या येत होत्या. १५ एप्रिल २०२४ला अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जाहीर केलं की पोवळी पांढरी पडण्याची चौथी जागतिक घटना सुरू आहे. आधीच्या १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७च्या. पुढे लक्षद्वीपमधूनही वाईट बातम्या आल्या. आम्ही रोज उपग्रहांचे नकाशे उघडून बसायचो. हिशोब असा: एखाद्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशानं जास्त तापलं आणि तसं आठवडाभर राहिलं, तर एक एकक जमा. बारा आठवड्यांत अशी चार एककं जमली की पोवळी पांढरी पडू लागतात, आठ जमली की मरायलाही लागतात. बँकेच्या व्याजासारखं हे साठत जातं.

मी पाण्यात उतरायचे ती पांढरं शोधत. आणि मला ते दिसायला लागलं. टर्बिनारियाच्या ताटांच्या कडा पांढऱ्या. पोरायटीसच्या धोंड्यांवर पांढरे ठिपके. माझ्या फोटोंत तर फॅव्हायटीसच्या वसाहतीच्या वसाहती फिकट. पाटीवर एकामागून एक 'पां' लिहीत गेले. संध्याकाळी तक्ता भरताना मी जवळजवळ उत्साहात होते, हे आता लिहिताना बरं वाटत नाही. वाईट बातमी आपल्याला सापडतेय याचाही एक आनंद असतो, तो होता.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला एकाच टेपवर उतरवलं. आधी मी, अर्ध्या तासानं जोडीदार. एकमेकांची पाटी पाहायची नाही. वर आल्यावर दोन्ही पाट्या होडीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्याकडे 'पां' अकरा. त्याच्याकडे दोन.

मग तिसऱ्या बुडीत त्या स्वतः आल्या आणि एकेका वसाहतीवर बोट रोखून, पाटीवर लिहून दाखवत गेल्या. टर्बिनारियाच्या कडा: वाढती कड. ताट बाहेरच्या बाजूनं वाढतं, नव्या भागात शैवाल अजून पुरतं वस्तीला आलेलं नसतं, म्हणून कड पांढरी. ते सगळ्यात जोमदार वाढीचं लक्षण, आणि मी त्याला आजार म्हणून लिहीत होते. पोरायटीसवरचे ठिपके: माशांचे चावे. पोपटमासे चोचीनं खरवडतात, त्याचे जोडीजोडीनं ओरखडे असतात. एकदा दाखवल्यावर ते न दिसणं अशक्य. आणि फोटोंतला फिकेपणा माझ्या फ्लॅशचा. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं म्हणून मी फ्लॅश वापरत होते, आणि गढूळ पाण्यात फार जवळून, भरपूर. धडधाकट पोवळंही त्यात पिठूळ दिसत होतं.

खरोखर फिकट पडलेल्या वसाहती होत्या. दोन होत्या, जोडीदारानं लिहिलेल्या. त्या दोन माझ्याही अकरांत होत्या, पण त्यांना बाकीच्या नवांपासून वेगळं काढणं मला येत नव्हतं.

त्या रात्री मॅडमनी माझ्या जानेवारी ते एप्रिलच्या तक्त्यातल्या 'पां'च्या रकान्यावर वरून खालपर्यंत लाल रेघ मारली. टेपच्या लांब्या वापरता येतील, नावंही बरीचशी, हा रकाना नाही. चार महिने. मी रडले वगैरे नाही, पण जेवले नाही. खानावळीतल्या मावशींनी विचारलं तर पोट बिघडलंय सांगितलं. त्यांनी कोकमाचं सार पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक बुडीत एक रंगपट्टी सोबत आली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमातली ही प्लास्टिकची चौकोनी पट्टी. चार बाजूंना बी, सी, डी, ई अशा चार छटा, प्रत्येक छटेच्या एक ते सहा पायऱ्या, एक जवळपास पांढरी, सहा गडद. वसाहतीची सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद जागा निवडायची, पट्टी शेजारी धरायची, दोन्ही क्रमांक लिहायचे. कड सोडून. चावे सोडून. फ्लॅश बंद. फोटोत एका कोपऱ्यात करड्या रंगाचं कार्ड ठेवायचं, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. रकाने एकाचे पाच झाले: फिकट, पांढरं, वाढती कड, चावलेलं, गाळ बसलेलं. एका वसाहतीला पूर्वी अर्धा मिनिट लागायचा, आता तीन मिनिटं. सिलिंडर तेवढाच.

*

तापमापकाची गंमत सांगायची राहिली.

बोटाच्या पेराएवढं हे यंत्र दर अर्ध्या तासाला पाण्याचं तापमान नोंदवतं. आम्ही ते एका विटेला बांधून खडकांच्या बेचक्यात ठेवलं होतं. मे महिन्यात काढायला गेलो तर वीट गायब. दोन दिवस शोधलं. शेवटी काकांनीच छडा लावला. त्यांच्या ओळखीतल्या एकाच्या जाळ्यात वीट आली होती. त्याला वाटलं काहीतरी सरकारी असणार, म्हणून टाकून न देता त्यानं ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, नीट ठेवली होती. आम्ही गेलो तर त्याच्या आईनं ती फडक्यानं पुसून हातात दिली.

यंत्र चालूच होतं. आलेख काढला तर एप्रिलभर रेघ शांत, हळूहळू चढत जाणारी, दिवस-रात्रीत जेमतेम फरक. आणि मग एका दुपारपासून रेघेला वेड लागलेलं: पहाटे सव्वीस, दुपारी चौतीस, सकाळी सात वाजता एक टोकदार उंचवटा. तो बहुधा भाकरीचा. सहा दिवस आमचा समुद्र त्या फळीवर होता. ते सहा दिवस कापून टाकले, पण आलेखाचा छापील कागद मी जपून ठेवलाय. पाणी किती संथपणे तापतं आणि पोवळ्याला किती थोड्या फरकाची सवय असते, हे मला त्या कागदानं जितकं समजावलं तितकं दुसऱ्या कशानं नाही. आपण एका दिवसात आठ अंश सोसून वर भाकरी भाजतो. त्याचा मात्र एका अंशावर संसार मोडतो.

*

जूनमध्ये समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, आणि आमच्यासाठी तर सप्टेंबरअखेरपर्यंत पाणी म्हणजे चहा. हे चार महिने संगणकावर. खडकाच्या प्रत्येक फोटोवर एक आज्ञावली पन्नास ठिपके यदृच्छेनं टाकते, आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते आपण सांगायचं. पोवळं, शेवाळ, वाळू, स्पंज, खडक, ओनि. एका टेपचे चाळीस फोटो, म्हणजे दोन हजार ठिपके. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी तीस टक्क्यांवर आणि मी शेवाळ, शेवाळ, खडक, शेवाळ. संशोधनाचा जास्तीत जास्त वेळ कशात जातो असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे. पाण्यातला वेळ त्याच्या दहावा हिस्साही नसेल.

ऑक्टोबर २०२४मध्ये काकांनी पुन्हा होडी काढली. आता मला ते "काय गावला" विचारत नव्हते, पाटीच बघायला मागायचे. त्यांना अक्षरं लागायची नाहीत, माझं पाण्याखालचं अक्षर मलाही नीट लागत नाही. नांगर मात्र ते आता न सांगता वाळूतच टाकत. खडकावर नांगर टाकणाऱ्या पर्यटकांच्या होडीवाल्यांशी एकदा त्यांचं भांडणही झालं, जे मालवणीत असल्यामुळे मला अर्धंच कळलं. जे कळलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मला बघायची होती ती चौदा नंबरची वसाहत. पहिल्या हंगामात आम्ही काही वसाहतींशेजारी खडकात खिळे ठोकून प्लास्टिकचे नंबर लावले होते. चौदा म्हणजे परातीएवढं टर्बिनारिया. माझ्या अकरा 'पां'मधलं हे पहिलं, वाढत्या कडेचं. अख्खा पावसाळा ते डोळ्यासमोर होतं.

ठिकाण सापडायला दोन बुड्या लागल्या. सरगॅसमची नवी पालवी फुटत होती, खडकावर गाळाची साय. नंबर दिसेना. मग एका शेवाळलेल्या उंचवट्यावर संशय आला. अशा वेळेसाठी जुना टूथब्रश सोबत असतो. घासला तर खाली पिवळं प्लास्टिक, त्यावर बार्नेकल या चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांची खरूज, आणि तिच्यामधून एकाचा दांडा आणि चाराची गाठ.

ताटाची खडकाकडची बाजू मेली होती. पांढरी नव्हती, ती कधीच मागे पडली होती. करड्या चुन्यावर केसांसारखं बारीक शेवाळ आणि खोलगट भागात गाळ साचलेला. ताटाचा उतार त्याच बाजूला आहे, पावसाळ्यात सगळी माती तिथंच बसणार. मी पट्टी धरली. मधला जिवंत भाग, फिकट जागा डी तीन, गडद जागा डी पाच. बाहेरची कड पांढरी. ती मी पुन्हा पुन्हा पाहिली. नख मावेल एवढी रुंद, अखंड, चाव्यांशिवाय. जोडीदाराला हातानं बोलावलं. त्यानं पाहिलं, स्वतःच्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी छातीशी धरून ठेवली. मी लिहिलं: १४, टर्बि, डी ३ / डी ५, मृत भाग अंदाजे एक तृतीयांश, गाळ, वाढती कड.

वर आल्यावर दोन्ही पाट्या फळीवर ठेवल्या. त्यानं मृत भाग 'एक चतुर्थांश' लिहिला होता. बाकी सारखं.

काकांनी मला टॉवेल दिला आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. मालवणात प्रत्येक माणूस तोच विचारतो, चहावाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत. "ता सगळा रवांदे. वाढता काय मरता, तेवढा सांग."

"ह्या कडेनं मरतंय, त्या कडेनं वाढतंय," मी म्हटलं.

काकांनी थोडा विचार केला. "मगे माझ्या घरासारखाच," ते म्हणाले. "पाठची भिंत पडता, फुडे झील पडवी बांधता." आणि नांगर ओढायला लागले.